तेलाच्या घाण्यापासून डिझेलच्या टाकीपर्यंत

पुणे जिल्ह्यातले चाकण हे गाव आपल्यापैकी अनेकांना आता मोटारींच्या कारखान्यांमुळे माहीत आहे. २००९ च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज अशा कंपन्यांचे कारखाने तिथे सुरू झाले आणि वर्तमानपत्रे चाकणला ‘भारताचे डेट्रॉइट’ म्हणू लागली. वारकरी मंडळींना मात्र चाकण ठाऊक आहे ते वेगळ्या कारणाने. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणारे संताजी जगनाडे महाराज हे चाकणचे आणि त्यांचा व्यवसाय तेल गाळण्याचा. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्या गावात तेलाचा घाणा फिरत होता, त्याच गावात आज इंजिने जोडली जातात.

घाणा आणि इंजिन यांचा तसा काय संबंध, असे कुणी विचारील. संबंध आहे, आणि तो सव्वाशे वर्षांचा आहे. बियांपासून काढलेल्या तेलावर इंजिन चालवता येते हे डिझेल इंजिनाच्या जन्माच्या वेळीच माणसाला कळले होते. त्यानंतर दर वीस-तीस वर्षांनी ते पुन्हा पुन्हा ‘नव्याने’ शोधले गेले आणि पुन्हा पुन्हा विसरले गेले. खऱ्या डेट्रॉइटपासून पाऊण तासावर राहणाऱ्या आपल्या ॲन आर्बरकरांना ही गोष्ट माहीत असायला हवी, कारण तिचे दोन महत्त्वाचे टप्पे आपल्या अगदी अंगणात घडले आहेत. आणि तिचा एक दुःखद टप्पा आपल्या महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांनीही अनुभवला आहे.

पॅरिसचे शेंगदाणे

रुडॉल्फ डिझेलचा जन्म १८५८ चा, पॅरिसमधला; आईवडील जर्मन. वाफेचे इंजिन कोळशातली नव्वद टक्के उष्णता वाया घालवते, ही गोष्ट या तरुण अभियंत्याला स्वस्थ बसू देईना. हवा इतकी दाबायची की ती आपोआप तापेल आणि तिच्यात इंधन सोडताच ठिणगीवाचून पेट घेईल, अशी त्याची कल्पना. तिचे पेटंट त्याने १८९२ साली मागितले. ऑग्सबर्गच्या कारखान्यात १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिले यंत्र धडधडले, पण ते काही धड चालले नाही. १८९७ मध्ये मात्र त्याच्या इंजिनाने इंधनातल्या उष्णतेपैकी २६ टक्क्यांचे काम करून दाखवले आणि जगाचे डोळे दिपले.

आता गंमत पाहा. १० ऑगस्ट हा दिवस भारतात ‘जागतिक जैवइंधन दिन’ म्हणून साजरा होतो, आणि त्या दिवशीच्या भाषणांत हटकून सांगितले जाते की १८९३ साली याच दिवशी डिझेलने शेंगदाण्याच्या तेलावर इंजिन चालवले. ते खरे नाही. त्या दिवशीच्या यंत्रात खनिज तेलच होते. शेंगदाण्याची गोष्ट घडली १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे ओटो कंपनीने मांडलेले एक छोटे डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालले, आणि इतके सुरळीत चालले की इंधन बदलल्याचे फार थोड्या लोकांच्या लक्षात आले. ही हकीकत पुढे १९१२ साली खुद्द डिझेलनेच लिहून ठेवली आहे.

कल्पनाही त्याची नव्हती. ती फ्रेंच सरकारची होती. आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग मुबलक पिकत असे. तिथे कोळसा वा खनिज तेल नेण्यापेक्षा तिथल्या तिथे पिकणाऱ्या तेलावर यंत्रे चालली तर बरे, असा हिशेब त्यामागे होता. म्हणजे या इंधनाचा विचार पहिल्या दिवसापासून ‘जे आपल्या दारात पिकते त्यावर आपले यंत्र चालावे’ असा होता. पर्यावरणाचे नाव तेव्हा कुणी काढलेही नव्हते. डिझेलला स्वतःला ही कल्पना आवडली. वनस्पती तेलाचे महत्त्व आज नसले तरी पुढे ते खनिज तेलाइतके वाढू शकेल, असे मत त्याने १९१२ मध्ये मांडले. पुढच्याच वर्षी, २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री, इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून तो नाहीसा झाला. ती आत्महत्या होती की आणखी काही, यावर अजूनही पुस्तके लिहिली जातात. खनिज तेल स्वस्त होत गेले आणि शेंगदाण्याचे इंजिन लोक विसरून गेले.

घट्ट तेल, पातळ तेल

घरात फोडणीसाठी वापरतो ते तेल सरळ डिझेल गाडीत घातले तर काय होईल? गाडी चालू होईल, काही दिवस चालेलही. पण थोड्याच काळात इंधन फवारणाऱ्या बारीक तोट्यांवर काजळी धरेल, पिस्टनच्या कड्या चिकटतील आणि इंजिन बसेल. कारण एकच, तेलाचा घट्टपणा. सोयाबीनचे तेल डिझेलपेक्षा दहा-बारा पटींनी घट्ट असते. ते बारीक तुषारांत फुटत नाही, त्यामुळे पुरते जळत नाही.

तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरीनचा एक लहानसा कणा असतो आणि त्याला स्निग्धाम्लांच्या तीन लांब साखळ्या लोंबत असतात. या तीन साखळ्या सुट्या केल्या की तेल पातळ होते. त्यासाठी तेलात मिथेनॉल नावाचे मद्यार्क आणि चिमूटभर कॉस्टिक सोडा घालून ते साधारण ५५ ते ६० अंश सेल्सियसपर्यंत तापवून ढवळायचे. मिथेनॉल प्रत्येक साखळीला जाऊन बिलगते, ग्लिसरीन मोकळे होते आणि जड असल्यामुळे तळाशी बसते. वर तरंगते ते बायोडिझेल. हिशेबही लक्षात ठेवायला सोपा. १०० किलो तेल आणि १० किलो मिथेनॉल घेतले की सुमारे १०० किलो बायोडिझेल आणि १० किलो ग्लिसरीन मिळते. मग ते पाण्याने धुऊन, पाणी काढून, गाळून घ्यायचे. त्याचा घट्टपणा डिझेलच्या जवळपास येतो.

वाचायला हे ताक घुसळण्याइतके सोपे वाटते. पण मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही आहे, कॉस्टिक सोडा कातडी भाजतो. तळून तळून काळे झालेले तेल घेतले तर त्यातली मोकळी आम्ले सोड्याशी मिळून साबण करतात आणि सगळा लगदा होतो. म्हणून वापरलेल्या तेलाची आम्लता आधी मोजावी लागते आणि त्याप्रमाणे सोडा वाढवावा लागतो. १९९७ मध्ये जोशुआ टिकेल नावाचा एक तरुण ‘व्हेजी व्हॅन’ घेऊन अमेरिकाभर फिरला. त्याच्यानंतर गराजमध्ये बायोडिझेल बनवणाऱ्यांची इथे जणू लाटच आली. त्यातले टिकले ते हे मोजमाप शिकलेले.

ही रासायनिक क्रिया १८५३ पासून शास्त्रज्ञांना माहीत होती; साबण आणि ग्लिसरीन बनवणारे तिच्यावर काम करत. इंधनासाठी तिचा उपयोग सुचला तो बेल्जियममधल्या शावान या प्राध्यापकाला. ब्रुसेल्स विद्यापीठातल्या या रसायनशास्त्रज्ञाला ३१ ऑगस्ट १९३७ रोजी पेटंट मिळाले. काँगो ही बेल्जियमची वसाहत, तिथले पाम तेल हा त्याचा कच्चा माल. १९३८ च्या उन्हाळ्यात ब्रुसेल्स आणि लूव्हेन या शहरांमधली एक प्रवासी बस अशा तेलावर धावली. आज ज्याला आपण बायोडिझेल म्हणतो त्यावर धावलेली ती पहिली बस म्हणायला हरकत नाही. ‘बायोडिझेल’ हा शब्द मात्र १९८० च्या दशकातला.

सेलीनची गिरणी आणि वर्ध्याचा घाणा

याच सुमारास आपल्या ॲन आर्बरच्या दक्षिणेला, दहा मैलांवरच्या सेलीन गावात एक वेगळाच प्रयोग चालू होता. मिशिगन ॲव्हेन्यूने सेलीन नदी ओलांडताना जी जुनी गिरणी दिसते, ती हेन्री फोर्डने १९३० च्या दशकात विकत घेतली. १९३८ पासून तिथे आजूबाजूच्या शेतकऱ्यांचे सोयाबीन येऊ लागले आणि त्याचे तेल काढले जाऊ लागले. शेजारच्या मायलन गावातही फोर्डने असेच केंद्र काढले होते. या तेलापासून फोर्ड मोटारींचा चकचकीत रंग बनत असे आणि उरलेल्या पेंडीपासून प्लॅस्टिकच्या मुठी व बटणे. १९३० च्या दशकाच्या मध्याला एका गाडीमागे सुमारे एक बुशेल, म्हणजे २७ किलो सोयाबीन लागे. १९४१ मध्ये फोर्डने सोयाबीन व इतर शेतमालापासून केलेल्या प्लॅस्टिकची एक अख्खी गाडीच डिअरबॉर्नमध्ये लोकांपुढे उभी केली.

फोर्डने सोयाबीनचे तेल इंधन म्हणून वापरले असे कुठे कुठे वाचायला मिळते, पण तसे नव्हते. इंधन म्हणून त्याची मदार मद्यार्कावर होती. मात्र शेत आणि कारखाना एकमेकांना जोडले गेले पाहिजेत, शेतकऱ्याने कारखान्याचा कच्चा माल पिकवावा आणि कारखान्याने त्याच्या गावात काम न्यावे, ही त्याची धारणा होती. मिशिगनच्या नद्यांवर त्याने अशी अनेक छोटी केंद्रे काढली आणि त्यांना नाव दिले ‘व्हिलेज इंडस्ट्रीज’, म्हणजे शब्दशः ग्रामोद्योग!

हा शब्द ऐकून मराठी माणसाला वर्धा आठवले नाही तरच नवल. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली त्याचे काम सुरू झाले. तिथे झव्हेरभाई पटेल यांनी ज्या यंत्रावर वर्षानुवर्षे मेहनत घेतली ते होते तेलाचा घाणा. जुन्या घाण्यात बैल दमे आणि तेल पेंडीतच राही. पटेलांनी सुधारलेली ‘वर्धा घाणी’ तेवढ्याच बैलशक्तीत अधिक तेल देऊ लागली. गिरणीच्या तेलापुढे गावच्या तेल्याचा धंदा टिकावा, हा त्यामागचा हेतू.

एकीकडे जगातला सर्वांत मोठा कारखानदार, दुसरीकडे यंत्राविषयी सावध असणारा महात्मा. दोघांचे मार्ग भिन्न होते, पण एकाच दशकात दोघेही तेलबियांकडे पाहून एकच प्रश्न विचारत होते, की या दाण्यातली कमाई गावात कशी राहील? गांधीजींनी फोर्डला एक चरखाही पाठवला होता आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तो डिअरबॉर्नला पोचला, हे बहुतेकांना माहीत नसते.

युद्धानंतर सेलीनची गिरणी बंद पडली. फोर्ड १९४७ मध्ये गेला आणि त्याची ग्रामोद्योगाची कल्पनाही कंपनीने गुंडाळून ठेवली. वर्ध्याच्या घाण्यांचीही पुढे तीच गत झाली. पण सोयाबीन मात्र राहिले. १९६० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने जबलपूर आणि पंतनगरच्या कृषी विद्यापीठांनी अमेरिकन सोयाबीनची भारतात लागवड करून पाहिली. आज विदर्भ-मराठवाड्यातल्या शेतकऱ्याचे ते मुख्य पीक आहे.

टंचाई आली की आठवण, स्वस्ताई आली की विसर

दुसऱ्या महायुद्धात खनिज तेलाच्या बोटी बुडू लागल्या आणि वनस्पती तेलाची पुन्हा आठवण झाली. चीनने तुंग तेल तापवून, त्याचे विघटन करून इंधन बनवले. भारतात शास्त्रज्ञांनी निरनिराळी देशी तेले इंजिनात घालून तपासली. त्यावरचा एक निबंध १९४२ साली प्रसिद्ध झाला. १९४७ मध्ये एका ऑस्ट्रेलियन अभियांत्रिकी मासिकात शेंगदाण्याचे तेल डिझेल इंजिनात वापरण्याविषयी लेख आला. लेखकाचे नाव पी. व्ही. अमृते! आडनाव वाचूनच मराठी वाचकाचे कान टवकारतील.

तेव्हा आपल्याकडे इंजिनेही घरची होऊ लागली होती. साताऱ्याच्या कूपर कारखान्याने १९३० च्या दशकात डिझेल इंजिन बनवायला घेतले. १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. ज्यांचे बालपण खेड्यात गेले त्यांना विहिरीवरच्या इंजिनाचा तो ठरावीक ठेका अजूनही आठवत असेल. ती इंजिने शेतात उभी होती, शेजारी भुईमूग आणि करडई पिकत होती, बांधावर करंज होता. पण युद्ध संपले, डिझेल स्वस्त झाले आणि प्रयोग फायलींत गेले.

पुढची आठवण झाली ती १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांत. वर्णद्वेषी राजवटीमुळे दक्षिण आफ्रिकेची तेलकोंडी झाली होती. तिथल्या शास्त्रज्ञांनी सूर्यफुलाच्या तेलावर ट्रॅक्टर चालवून पाहिले आणि बेल्जियन प्राध्यापकाचीच युक्ती पुन्हा शोधून काढली. १९८० च्या दशकात ऑस्ट्रियाने तिथल्या मोहरीच्या जातीच्या पिकापासून बायोडिझेल बनवायला सुरुवात केली आणि युरोपमध्ये पंप उघडू लागले. अमेरिकेत १९९२ मध्ये सोयाबीन उत्पादकांनी आपले मंडळ स्थापन केले. त्यांची अडचण टंचाईची नव्हती, उलट तेल फार झाले होते. पेंड कोंबड्या-डुकरांच्या खाद्यात जाई, तेलाला गिऱ्हाईक नव्हते.

प्लिमथ रोडवरची प्रयोगशाळा

इथे आपल्या गावाचा दुसरा टप्पा येतो. १९७० मध्ये अमेरिकेत हवा स्वच्छ ठेवण्याचा कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी ॲन आर्बरच्या प्लिमथ रोडवर ईपीएची, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण संस्थेची, वाहने व इंधने तपासणारी प्रयोगशाळा उघडली. या इमारतीवरून आपण शेकडो वेळा गेलो असू. गाडीच्या खिडकीवर लावलेला मैलांचा आकडा असो की धुराड्यातून निघणाऱ्या वायूंची मर्यादा, त्यामागे इथले काम आहे.

बायोडिझेलची जाहिरात करणारे त्याला ‘शुद्ध इंधन’ म्हणत होते. ऑक्टोबर २००२ मध्ये ईपीएने तोवर झालेल्या सगळ्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून एक अहवाल काढला. डिझेलमध्ये २० टक्के सोयाबीन-बायोडिझेल मिसळले, म्हणजे ज्याला ‘बी-२०’ म्हणतात ते वापरले, तर मोठ्या इंजिनांच्या धुरात काय फरक पडतो? काजळीचे कण सुमारे १० टक्क्यांनी कमी, कार्बन मोनॉक्साइड ११ टक्क्यांनी कमी, न जळलेले हायड्रोकार्बन २१ टक्क्यांनी कमी. हे झाले फायदे. आणि नायट्रोजन ऑक्साइड २ टक्क्यांनी जास्त. हा तोटाही त्याच तक्त्यात, त्याच टाइपात छापलेला होता.

फायदे खरे होते आणि त्यामागे कारणे होती. बायोडिझेलच्या रेणूतच वजनाच्या सुमारे ११ टक्के ऑक्सिजन असतो, म्हणून ते अधिक पुरते जळते. त्यात गंधक जवळजवळ नसते. त्याला स्वतःचा बुळबुळीतपणा असतो. २००६ पासून अमेरिकेत रस्त्यावरच्या डिझेलमधले गंधक काढून टाकण्यात आले, तेव्हा त्याबरोबर डिझेलचा बुळबुळीतपणाही कमी झाला. तो भरून काढायला दोन टक्के बायोडिझेल पुरते. साठवायला ते डिझेलपेक्षा सुरक्षित, कारण पेट घ्यायला जास्त तापमान लागते. सांडले तर जमिनीत लवकर कुजून जाते. १९९८ च्या सरकारी अभ्यासाप्रमाणे शेत नांगरण्यापासून बस चालवण्यापर्यंतचा सगळा हिशेब धरला, तर शुद्ध सोया-बायोडिझेलमुळे कार्बन डायऑक्साइड ७८ टक्क्यांनी कमी होतो. मात्र त्यात नव्याने जंगल तोडून शेती केली तर काय, हा प्रश्न धरलेला नव्हता. तो २००८ नंतर जोरात विचारला जाऊ लागला.

तोट्यांपैकी एक आपल्याला मिशिगनमध्ये सांगायची गरज नाही. थंडीत तुपाचे जे होते तेच बायोडिझेलचे होते. सोयाबीनचे शुद्ध बायोडिझेल शून्य अंशाच्या आसपास गढूळ होऊ लागते आणि मग गाळणी तुंबते. मिनेसोटा राज्याने सप्टेंबर २००५ मध्ये डिझेलमध्ये दोन टक्के बायोडिझेल सक्तीचे केले. त्याच डिसेंबरात ट्रकच्या गाळण्या तुंबून सक्ती काही काळ थांबवावी लागली. तपासात आढळले की काही मालात ग्लिसरीन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिले होते. धुण्या-गाळण्यातली घाई शेवटी महामार्गावर उघडी पडली. ॲन आर्बर शहर आणि आपले विद्यापीठ यांनीही २००० च्या दशकात डिझेल वाहनांत बी-२० वापरायला सुरुवात केली, ती हे मिश्रणाचे पथ्य सांभाळूनच.

याच प्रयोगशाळेचे नाव सप्टेंबर २०१५ मध्ये जगभर गाजले. फोक्सवॅगनच्या डिझेल मोटारी चाचणीत स्वच्छ आणि रस्त्यावर घाण धूर सोडतात, असा संशय वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या २०१४ च्या अहवालातून आला होता. ईपीए आणि कॅलिफोर्नियाच्या तपासापुढे कंपनीला कबुली द्यावी लागली. नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत निघत होते. बायोडिझेलचे दोन टक्के जिथे प्रामाणिकपणे छापले गेले, तिथेच हे चाळीस पटही सापडले. इंधन कोणतेही असो, त्याच्या गुणांची खरी साक्ष मोजणाऱ्यापाशीच असते.

मोगली एरंडाचे स्वप्न

भारतात मोजण्याआधीच स्वप्न पाहिले गेले. २००३ मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने बायोडिझेलची राष्ट्रीय मोहीम सुचवली. खाद्यतेल जाळणे भारताला शक्य नाही, कारण लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त आपण आयात करतो. म्हणून निवड झाली जट्रोफाची, म्हणजे आपल्याकडच्या मोगली एरंडाची. कुंपणाला लावतात, गुरे तोंड लावत नाहीत, पाणी लागत नाही, खडकाळ माळावर वाढतो अशी त्याची ख्याती. एक कोटी हेक्टरांहून अधिक जमिनीवर तो लावून २०११-१२ पर्यंत देशाच्या डिझेलमध्ये २० टक्के बायोडिझेल मिसळायचे, असा आराखडा होता.

सुरुवात मोठ्या उत्साहात झाली. ३१ डिसेंबर २००२ रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दी गाडी ५ टक्के बायोडिझेल घालून धावली होतीच. २००४ मध्ये भावनगरच्या संशोधन संस्थेने बनवलेल्या जट्रोफाच्या बायोडिझेलवर मर्सिडीज गाड्या भारतभर सुमारे सहा हजार किलोमीटर फिरल्या. इंधन उत्तम होते यात शंकाच नाही.

पण प्रयोगशाळेतले इंधन उत्तम असणे वेगळे आणि माळावरचे झाड फळणे वेगळे. पाण्याशिवाय झाड जगते हे खरे. पाण्याशिवाय ते भरपूर बी देते हे खरे नव्हते. पहिली दोन-तीन वर्षे उत्पन्न नाही, नंतर आले तेही अपेक्षेच्या मानाने फारच कमी. बिया एकदम पिकत नाहीत, म्हणून वेचणीची मजुरी जास्त. सरकारने बायोडिझेलचा खरेदी दर ठरवला लिटरला २५ रुपये, १ जानेवारी २००६ पासून, आणि बनवण्याचा खर्च त्याहून अधिक. ‘पडीक’ म्हटलेल्या जमिनीवर बहुधा कुणाची तरी गुरे चरत असत, तेही नकाशात नव्हते. रोपे विकणाऱ्यांचे पैसे झाले. ज्यांनी महाराष्ट्रात आणि इतर राज्यांत आपल्या कोरडवाहू तुकड्यावर ती लावली, त्यांची गत तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले अशी झाली. २००९ च्या धोरणाने २० टक्क्यांची मुदत २०१७ पर्यंत लांबवली. २०१८ च्या धोरणाने ती २०३० पर्यंत ५ टक्के अशी खाली आणली. पेट्रोलमधले इथेनॉल २०२५ पर्यंत २० टक्क्यांवर पोचले, पण डिझेलमधले बायोडिझेल एक टक्क्याच्याही आतच रेंगाळले.

करंजाची गोष्ट थोडी वेगळी. करंज आपल्या ओढ्याकाठी, रस्त्याकडेला पूर्वीपासून आहे. त्याचे कडू तेल दिव्याला आणि गुरांच्या खरजेला वापरत. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या कग्गनहळ्ळी गावात करंजाच्या तेलावर जनित्रे चालवून शेतीला पाणी दिले. झाडे आधीपासून उभी होती, बिया गावच्या होत्या, यंत्र गावात होते. आराखडा छोटा होता आणि म्हणूनच त्याने काम दिले.

हिशेब

मग बायोडिझेलने खनिज तेलाची जागा घेता येईल का? पाटी-पेन्सिल घेऊन आपणच पाहू. अमेरिकेत एका एकरात साधारण ५० बुशेल सोयाबीन पिकते. एका बुशेलमागे सुमारे दीड गॅलन बायोडिझेल, म्हणजे एकराला ७५ गॅलन. साडेआठ कोटी एकर सोयाबीन सगळेच्या सगळे इंधनात घातले तरी ६४० कोटी गॅलन होतात. देशाचा डिझेल जातीच्या इंधनाचा खप वर्षाला ६,००० कोटी गॅलनांच्या घरात आहे. सगळे सोयाबीन जाळून जेमतेम दहावा हिस्सा!

२०२० च्या दशकात अमेरिकेतल्या सोयाबीन तेलाचा ४० टक्क्यांहून अधिक वाटा इंधनाकडे जाऊ लागला. त्याच तेलापासून, पण हायड्रोजन वापरून बनवलेल्या ‘रिन्यूएबल डिझेल’ने उत्पादनात बायोडिझेललाही मागे टाकले. ते थंडीत गोठत नाही, पण दाणा तोच आणि एकरही तेवढेच. एका देशाने तेल जाळायला घेतले की दुसऱ्या देशातल्या कढईतले तेल महागते, हे आपल्या घरच्या माणसांना फोन केला की कळते.

याचा अर्थ ही सव्वाशे वर्षे फुकट गेली असा नाही. पॅरिसच्या प्रदर्शनात जी मूळ कल्पना होती, की दारात असलेल्या तेलावर यंत्र चालावे, ती आजही बरोबर आहे. फक्त ‘दारात असलेले’ म्हणजे काय, हे नीट पाहिले पाहिजे. आपल्या दारात आज असलेले तेल म्हणजे कढईत उरलेले तेल. ते पुन्हा पुन्हा तापवून खाणे प्रकृतीला वाईट, मोरीत ओतले तर गटारे तुंबतात. भारतात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जुलै २०१८ पासून तळणाच्या तेलाची मर्यादा ठरवून दिली आहे आणि १० ऑगस्ट २०१८ पासून असे तेल उपाहारगृहांकडून गोळा करून बायोडिझेलसाठी देण्याची योजना सुरू केली आहे. त्या तेलासाठी एकही एकर नांगरावा लागत नाही आणि कुणाच्या ताटातले काही कमी होत नाही. सगळ्या देशाचे डिझेल त्यातून निघणार नाही, पण शहराच्या काही बसगाड्यांचा धूर कमी होऊ शकतो. त्या बसमागे उभ्या असलेल्या मुलांच्या छातीच्या दृष्टीने तेवढेही थोडे नाही.

आपल्या मंडळाच्या दिवाळीला किती चकल्या आणि किती करंज्या तळल्या जातात याचा आकडा स्वयंपाकघर समितीलाच ठाऊक! पण तळण संपल्यावर उरलेले तेल थंड करून, गाळून, डब्यात भरून ठेवावे. आपल्या गावातले संकलन केंद्र किंवा उपाहारगृहांचे तेल उचलणारी कंपनी ते घेते का, याची चौकशी समितीने कार्यक्रमाआधीच करून ठेवली तर ते मोरीत जाणार नाही. किती डबे भरले तेही लिहून ठेवावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत तो आकडा वाचायला आवडेल.